टायरदाबाचा पिवळा दिवा : खोट्या इशाऱ्याचा अर्थविचार

१

मोटारीच्या चालकापुढील फलकावर कधी कधी एक पिवळे चिन्ह उमटते. वरच्या बाजूस उघडा व खाली दातेरी असा टायरचा उभा छेद आणि त्याच्या पोटात एक उद्गारचिन्ह, असे त्याचे रूप आहे. हे चिन्ह दिसताच चालक गाडी थांबवितो, चाकांभोवती एक फेरी मारतो, टायरला पायाने ठोकून पाहतो, आणि काही वावगे न आढळल्यास यंत्र खोटे बोलते असा निर्णय देऊन पुढे निघतो. दोन-चार वेळा असे घडले म्हणजे दिवा लागणे आणि न लागणे यांत त्याच्या लेखी भेद उरत नाही. प्रस्तुत लेखात या निर्णयाचीच तपासणी करावयाची आहे.

'खोटे' हे विशेषण विधानाला लागते. वस्तूला लागत नाही. तेव्हा इशारा खोटा आहे असे म्हणण्यापूर्वी तो इशारा कोणते विधान करतो, हे निश्चित करणे अगत्याचे आहे. तसे केले असता असे दिसून येते की, ज्यांना खोटे इशारे म्हटले जाते त्यांपैकी पुष्कळ इशारे खरे असतात. त्यांचा अर्थ मात्र चुकीचा लावलेला असतो. काही इशारे टायरविषयी नसून यंत्रणेविषयीच असतात. उरलेले थोडे खरोखरच खोटे असतात. हे तीन वर्ग एकमेकांपासून वेगळे केल्याशिवाय दुरुस्तीला हात घालणे म्हणजे रोगनिदानाच्या आधी औषध देणे होय.

२

हा दिवा आज सामान्य गाड्यांतही आढळतो. टायरमधील दाब मोजणारी यंत्रणा १९८६ साली पोर्शे ९५९ या महागड्या गाडीत आली असली, तरी तिचा सार्वत्रिक प्रसार झाला तो कायद्यामुळे. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीचे लक्षावधी टायर परत मागविण्यात आले. त्यांतील बरेच टायर फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर या गाडीवर बसविलेले होते, आणि टायरचा बाह्य थर सुटून झालेल्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. कमी दाबाचा टायर धावताना अधिक वाकतो, वाकण्याने तापतो, आणि तापल्याने त्याचे थर सुटण्याचा संभव वाढतो. याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकन काँग्रेसने संमत केलेला 'ट्रेड' कायदा अमलात आला, आणि नव्या गाड्यांत दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा असावी असे त्याने ठरविले.

या कायद्याखालील पहिला नियम २००२ साली झाला. चाकांची परस्परांशी तुलना करून अनुमान काढणारी यंत्रणाही त्यात चालणार होती. परंतु चारही टायरांतील हवा सारखीच उतरली तर तुलनेला आधारच उरत नाही. २००३ साली संघीय अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. २००५ साली जे मानक ठरले त्याचा क्रमांक १३८. सप्टेंबर २००७ पासून ते अमेरिकेतील सर्व नव्या हलक्या गाड्यांना पूर्णपणे लागू झाले. गाडीच्या निर्मात्याने शिफारस केलेल्या थंड टायरच्या दाबापेक्षा एका किंवा चारही टायरांतील दाब २५ टक्के किंवा त्याहून अधिक कमी झाल्यास २० मिनिटांच्या आत दिवा लागला पाहिजे, असे हे मानक सांगते. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरापासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना अशी यंत्रणा आवश्यक झाली. तेथील मर्यादा सुमारे २० टक्क्यांची आहे.

या वाक्यरचनेतील प्रत्येक पद महत्त्वाचे आहे. दिवा 'पंक्चर झाले आहे' असे म्हणत नाही. टायर डोळ्यांना बसलेला दिसेल असेही तो म्हणत नाही. आजच्या रेडियल टायरची बाजू थोडी फुगीर असतेच, आणि पाव हिस्सा दाब गेला तरी नजरेला फरक जाणवेलच असे नाही. थंड दाबाच्या शिफारशीशी तुलना करता दाब अमुक मर्यादेखाली आहे, एवढेच त्याचे विधान. ही शिफारस चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पत्रकात छापलेली असते. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा तो टायर सहन करू शकेल अशा कमाल दाबाचा असतो, आणि या दोहोंची गल्लत हे गैरसमजाचे एक नित्याचे मूळ आहे.

त्याच मानकाने त्याच दिव्याला दुसराही अर्थ दिला. यंत्रणेतच बिघाड असेल तर दिव्याने प्रथम ६० ते ९० सेकंद उघडझाप करावी व नंतर स्थिर जळत राहावे, आणि बिघाड असेपर्यंत गाडी सुरू करताना दर वेळी हे घडावे, अशी सवलत आहे. म्हणजे रूप एक, अर्थ दोन. आणि त्यांतील भेद दाखविणारे चिन्ह आरंभीच्या एक-दीड मिनिटापुरतेच टिकते. गाडी सुरू करून जो आरसा नीट करण्यात किंवा पट्टा बांधण्यात गुंतला त्याला केवळ स्थिर दिवा दिसतो. भाषेत दोन शब्द उच्चारात एक झाले म्हणजे संदर्भ त्यांना वेगळे करतो. येथे संदर्भ निघून गेल्यावरही शब्द ऐकू येत राहतो, ही या चिन्हव्यवस्थेची मूळ अडचण आहे.

३

दिव्यापर्यंत ज्ञान कसे पोचते, यावरून यंत्रणांचे दोन प्रकार होतात. न्यायशास्त्रातील प्रमाणविचाराची परिभाषा येथे चांगली उपयोगी पडते.

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्वला जोडून, एक लहान संवेदक असतो. तो दाब व तापमान मोजतो आणि स्वतःच्या ओळखक्रमांकासह हा वृत्तान्त रेडिओ-लहरींनी गाडीतील ग्राहकयंत्राकडे पाठवितो. या लहरींची वारंवारता उत्तर अमेरिकेत सामान्यतः ३१५ मेगाहर्ट्झ, तर युरोपात ४३३.९२ मेगाहर्ट्झ असते. संवेदकाला दाबाचे प्रत्यक्ष होते. गाडीला मात्र जे मिळते ते शब्दप्रमाण होय. शब्दप्रमाणाचे प्रामाण्य वक्ता कोण आहे व तो विश्वसनीय आहे की नाही यावर अवलंबून असते, आणि या यंत्रणेचे दोषही बरेचसे तेथेच उद्भवतात.

दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच बसविलेले नसते. ब्रेक लावताना चाक अडकू नये म्हणून असलेल्या एबीएस यंत्रणेकडून चाकांची गती कळते. हवा उतरलेल्या चाकाची परिणामी त्रिज्या किंचित कमी होते, म्हणून तेवढ्याच अंतरात ते थोडे अधिक फिरते. काही नव्या यंत्रणा टायरच्या कंपनांचाही विचार करतात, आणि त्यामुळे चारही चाकांतील सारखी घट त्यांना काही प्रमाणात ओळखता येते. हे सर्व अनुमान होय. धुरावरून जसा अग्नी, तसा फिरण्यावरून दाब. अनुमान जेथे चुकते तेथे दोष बहुधा हेतूत असतो, आणि येथील हेतू सव्यभिचार आहे. कारण दाब कमी नसतानाही चाक अधिक फिरू शकते.

४

पहिला वर्ग खऱ्या असून खोट्या वाटणाऱ्या इशाऱ्यांचा. त्यांचे प्रमुख कारण थंडी.

बंद जागेतील हवेचा निरपेक्ष दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. हवा भरताना वापरावयाचा दाबमापक मात्र वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवितो. म्हणून गणित करताना त्याच्या आकड्यात वातावरणाचा दाब, म्हणजे समुद्रसपाटीला दर चौरस इंचास सुमारे १४.७ पौंड, मिळवावा लागतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यासारख्या कडक हिवाळ्याच्या प्रदेशातील उदाहरण घ्यावे. सप्टेंबरात २० अंश सेल्सिअसला टायरात ३३ पौंड हवा भरली. डिसेंबरात तापमान उणे २० अंशांवर उतरले. हवेचा एक कणही बाहेर न जाता दाबमापकावरील आकडा सुमारे २६.५ होईल. परंतु धडधाकट टायरातूनही महिन्याकाठी सुमारे एक पौंड हवा झिरपून जाते. तीन महिन्यांची ही घट धरली तर आकडा सुमारे २४ वर येतो, आणि ३३ पौंडांची २५ टक्के मर्यादा २४.७५ ही आहे. म्हणून कडाक्याच्या थंडीच्या पहिल्या पहाटे दिवा लागतो. गाडी काही वेळ धावली की टायर तापतात, दाब मर्यादेच्या वर जातो आणि दिवा विझतो. चालक म्हणतो, आपोआप लागला व आपोआप विझला, अर्थात खोटा. वस्तुतः दोन्ही वेळा दिवा खरेच बोलला. टायर आतून तापल्याने केवळ लक्षण झाकले गेले. हवेची तूट तशीच राहिली.

सौम्य हवामानात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने घडते. महाराष्ट्राच्या पठारावर हिवाळ्यात भर दुपारच्या लांबच्या प्रवासानंतर पेट्रोल पंपावर थांबून हवा भरली, असे समजावे. टायरातील हवा तेव्हा ६० अंशांवर असेल आणि मापकावर ३३ पौंड आले म्हणून नळी काढून घेतली असेल, तर दुसऱ्या दिवशी १२ अंशांच्या पहाटे त्याच टायरात २६ पौंडच उरतात. घट २० टक्क्यांहून थोडी अधिक झाली. २० टक्क्यांच्या मर्यादेची यंत्रणा अशा पहाटे इशारा देणारच, आणि आदल्या दिवशीच हवा भरल्याची आठवण ताजी असल्यामुळे तो खोटा ठरणार. शिफारस थंड दाबाची आहे, याचा विसर हेच येथील खरे कारण होय. उलट, तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून त्यातील हवा सोडून देणे हाही याच चुकीचा दुसरा प्रकार आहे. शुद्ध नायट्रोजन भरल्याने हा नियम टळत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

५

येथे एक शंका संभवते. थंड टायर मोजला, दाबमापक योग्य आकडा दाखवितो, तरीही दिवा लागलेलाच आहे. मग तरी इशारा खोटा म्हणावा की नाही? उत्तर देण्यापूर्वी दोघांची मापनभूमी एकच आहे काय, हे पाहिले पाहिजे.

चाकातील संवेदक निरपेक्ष दाब मोजतो. त्यातून वातावरणाचा दाब वजा केल्याविना मापकाशी तुलना होत नाही. काही यंत्रणा स्थळाच्या उंचीप्रमाणे ही वजाबाकी करतात. काही मात्र समुद्रसपाटीचा ठराविक आकडाच वजा करतात. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे वातावरणाचा दाब सुमारे ९.५ पौंडच असतो. तेथे मापकाने ३३ पौंड हवा भरली तर निरपेक्ष दाब ४२.५ होतो, ठराविक १४.७ वजा करणारी यंत्रणा तो २८ पौंडांच्या आत समजते. दुपारी १५ अंशांना भरलेली ही हवा रात्री उणे १० अंशांवर आली म्हणजे मापकाप्रमाणे दाब २९ पौंडांच्या वर राहतो, पण यंत्रणेच्या हिशोबी तो सुमारे २४ पौंडांवर येतो आणि दिवा लागतो. येथे दोन्ही साक्षीदार आपापल्या परिभाषेत खरे आहेत. मधला दुभाषा चुकला आहे. अशा वेळी संवेदक बदलण्यात अर्थ नसतो. गाडीच्या पुस्तिकेत उंचीविषयी काही सूचना आहे काय, हे पाहणे इष्ट.

६

दुसरा वर्ग यंत्रणेच्या स्वतःविषयीच्या निवेदनांचा. दिवा आरंभी उघडझाप करून स्थिर होत असेल तर हवा भरून उपयोग नाही. प्रश्न वक्त्याचा आहे.

संवेदकाची बॅटरी बंद कुपीत असते व बहुधा पाच ते दहा वर्षे टिकते. ती बदलण्याची सोय सहसा नसल्यामुळे सबंध संवेदकच बदलावा लागतो. उतरत आलेली बॅटरी थंडीत अधिक क्षीण होते. म्हणून सकाळी मुका असलेला संवेदक दुपारी बोलू लागतो. थंडीने उतरलेला दाब व थंडीने दमलेली बॅटरी यांची लक्षणे इतकी सारखी असतात, की आरंभीची उघडझाप हाच त्यांतील विश्वसनीय भेदक होय. एकाच वयाच्या चार संवेदकांपैकी एक संपला असेल तर इतरांचाही काळ जवळ आला असे समजण्यास हरकत नाही.

संवेदक जिवंत असून अनोळखी असण्याचीही शक्यता आहे. ग्राहकयंत्र ठराविक ओळखक्रमांकच मानते. चाके बदलली, हिवाळ्यासाठी दुसरा संच चढविला किंवा संवेदक नसलेली स्टेपनी लावली, तर अपेक्षित आवाज ऐकू येत नाही. पुढची चाके मागे टाकली व यंत्रणेला ते कळविले नाही, तर आवाज येतो पण जागा चुकते; मागच्या उजव्या चाकाचा दोष पुढच्या उजव्या चाकावर लादला जातो. पुढच्या व मागच्या चाकांची शिफारस निरनिराळी असलेल्या गाडीत यामुळे मर्यादाही चुकीची लागू होते. काही गाड्या थोडे धावल्यावर नवे क्रमांक स्वतःच शिकतात; काहींना ते विशेष उपकरणाने शिकवावे लागतात.

आणखी एक बाब. गाडी उभी असताना संवेदक बॅटरी वाचविण्यासाठी जवळजवळ झोपलेला असतो आणि चाक फिरू लागल्यावर साधारणतः मिनिटागणिक वृत्तान्त देतो. म्हणून हवा भरताच दिवा विझला नाही तर यंत्र बिघडले असे मानू नये. प्रथम काही किलोमीटर गाडी चालवावी.

७

अनुमानाच्या यंत्रणेत सर्व भिस्त मूलमानावर असते. हवा योग्य भरून यंत्रणेला 'हेच प्रमाण समज' असे सांगावे लागते. एकच नवा टायर तीन झिजलेल्यांच्या संगतीत बसविला, वेगळ्या मापाचा टायर लावला, बर्फासाठी साखळ्या बांधल्या, किंवा निसरड्या रस्त्यावर एका बाजूची चाके घसरली, तर फिरण्यात फरक पडतो आणि दाब पुरेसा असूनही दिवा लागू शकतो. हा खरा हेत्वाभास होय.

परंतु याहून घातक अशी उलट बाजू आहे. दिवा लागला म्हणून वैतागून चालकाने हवा न तपासताच मूलमान नव्याने ठरविण्याचे बटण दाबले, तर यंत्रणा उतरलेल्या दाबालाच प्रमाण मानते व गप्प बसते. इशारा खोटा नव्हता. शांतता मात्र आता खोटी झाली. म्हणून चारही टायर थंड स्थितीत मोजून पत्रकाप्रमाणे भरल्याशिवाय ते बटण दाबू नये.

८

तिसरा वर्ग शब्दशः खोट्या इशाऱ्यांचा. संवेदकाचे मापन वयोमानाने ढळू शकते. पंक्चर बुजविण्यासाठी टायरात सोडलेले द्रव संवेदकाच्या छिद्रात शिरून ते बुजवू शकते. गाडीत लावलेला हलक्या दर्जाचा चार्जर किंवा कॅमेरा त्याच वारंवारतेच्या आसपास गोंगाट करून संवेदकाचा क्षीण आवाज बुडवितो. अशा वेळी ते उपकरण काढून ठेवून काही दिवस पाहणे ही सोपी व बिनखर्ची परीक्षा आहे. वक्त्याची ओळख किती सहज चोरता येते, हेही सिद्ध झालेले आहे. २०१० साली रटगर्स व साउथ कॅरोलायना या विद्यापीठांतील संशोधकांनी दाखवून दिले की, तपासलेल्या यंत्रणांत संदेश पाठविणाऱ्याची शहानिशा होत नव्हती, ते संदेश सुमारे ४० मीटरांवरून टिपता येत होते, आणि बनावट संदेश पाठवून धावत्या गाडीतील दिवा लावता येत होता. रोजच्या तक्रारींचे हे कारण असण्याचा संभव थोडा आहे. पण शब्दप्रमाणाची मर्यादा यावरून स्पष्ट होते.

९

वरील विवेचनावरून तपासणीचा क्रम आपोआप निष्पन्न होतो. दिवा लागताच गाडी एका बाजूस ओढत असेल किंवा टायर बसलेला दिसत असेल, तर ती सुरक्षित जागी थांबवावी. तेथे मीमांसेला अवकाश नाही. तसे नसेल तर गाडी किमान तीन तास उभी राहिल्यानंतर, शक्य तो सकाळी, चांगल्या दाबमापकाने चारही टायर मोजावेत आणि दरवाजाच्या चौकटीवरील पत्रकाशी ताडून पाहावेत. कमी असल्यास भरावेत, काही किलोमीटर गाडी चालवावी व दिवा विझतो का पाहावे. आठ-पंधरा दिवसांत तोच टायर पुन्हा उतरला तर गळती आहे; खिळा, व्हॉल्व व रिमची कड साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावी. दाब नीट असूनही दिवा जळत राहिला तर गाडी सुरू करताना पहिले दीड मिनिट फलकाकडे लक्ष द्यावे. उघडझाप झाल्यास संवेदक, त्याची बॅटरी व ओळखक्रमांक यांकडे वळावे. न झाल्यास मूलमान, टायरांची मापे, चाकांची अदलाबदल आणि स्थळाची उंची यांचा विचार करावा. संवेदक बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी यावा. व्यवहारात हा क्रम पुष्कळदा उलटा होतो, आणि खर्च होऊनही दिवा तसाच राहतो.

भारतात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आले आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने, दाबाचा इशारा देणारी यंत्रणा व पंक्चर-दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या हलक्या गाडीत स्टेपनी ठेवण्याची सक्ती काढून टाकली. जेथे पाचवे चाक नाही तेथे चालकाचा आधार तो दिवा आणि त्या संचातील द्रव. टायर पूर्ण बसण्यापूर्वी दिव्याचे म्हणणे समजले तरच त्या द्रवाचा उपयोग. आणि द्रव वापरल्यानंतर संवेदक साफ करून घेणे आवश्यक आहे, कारण तोच पुढे खोट्या इशाऱ्याचे कारण होऊ शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ही यंत्रणा असलेल्या गाड्यांत टायरचा दाब फार उतरण्याचे प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांनी कमी आढळले. हा लाभ दिव्याकडे लक्ष देणाऱ्या चालकांनीच मिळवून दिलेला आहे. खरा इशारा खोटा मानण्याची सवय जडली म्हणजे यंत्रणा शाबूत असूनही निरुपयोगी होते, आणि अशी सवय लागलेल्या चालकाला ज्या दिवशी टायर खरोखर उतरत असेल त्या दिवशीही तोच पिवळा दिवा दिसणार आहे.